पणजोबांच्या मेडलामागचा शिपाई कसा शोधायचा

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या पट्ट्यात कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी नाहीतर देव्हाऱ्याच्या फळीवर राजाचा मुखवटा असलेलं एखादं मेडल असतं. पणजोबा ‘बसऱ्याला होते’ यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नसतं. मग नव्या पिढीतलं कुणीतरी हौसेने नेटवर बसतं, दोन-चार इंग्रजी मार्गदर्शक वाचतं, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर पणजोबांचं नाव टाकतं. हाती काही लागत नाही आणि मेडल परत ट्रंकेत जातं.

घोळ असा आहे की ते मार्गदर्शक गोऱ्या सोल्जरांच्या नातवंडांसाठी लिहिलेले असतात. गोऱ्याचे कागद लंडनला आहेत. आपल्या शिपायाची खरी नोंद त्याच्या पलटणीच्या दफ्तरात झाली, आणि त्यातली बरीचशी आज त्याच्या गावातच जास्त सापडते. म्हणून आपला क्रम उलटा ठेवायचा: आधी मेडल, मग घर आणि गाव, मग पलटण, आणि लंडन सगळ्यात शेवटी.

घरोघरी पहिल्या महायुद्धाची मेडलंच जास्त असल्यामुळे खालचं बहुतेक त्यांच्याबद्दल आहे. त्याआधीच्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

सुरुवातीला हाताशी ठेवा

- मेडलाच्या दोन्ही बाजूंचे आणि पूर्ण कडेचे फोटो
- बॅटरी (मोबाइलची चालेल) आणि भिंग
- डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पाकिटं, फ्रेममधला गणवेशातला फोटो, जे मिळेल ते
- शिपायाच्या वडिलांचं नाव, आणि त्या वेळचे गाव, तालुका, जिल्हा
- एक वही. कुठे काय शोधलं आणि काय नाही सापडलं, दोन्ही लिहायचं

1. मेडल घासू नका, कड वाचा

चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सोनाराकडचं पॉलिश, यातलं काहीही लावू नका. मेडलावर सगळ्यात मोलाचा मजकूर राजाच्या तोंडाजवळ नसतो, कडेवर असतो. तीन-चार मिलिमीटरच्या त्या पट्टीत बारीक ठशांनी नाव उठवलेलं असतं, आणि घासल्यावर पहिल्यांदा तेच जातं. चांदी काळी पडली असेल तर पडू द्या.

अंधाऱ्या खोलीत बॅटरी तिरपी धरा आणि मेडल हळूहळू फिरवा. समोरून उजेड पाडला तर काही दिसत नाही. तिरप्या उजेडात अक्षरांना सावली येते आणि झिजलेला आकडासुद्धा वाचता येतो. तरी नाही जमलं तर पातळ कागदाची पट्टी कडेवर गुंडाळून वरून मऊ पेन्सिल अलगद फिरवा. तारेच्या आकाराचं मेडल असेल तर नाव त्याच्या पाठीवर असतं.

समजा कडेवर इंग्रजीत असं निघालं: ‘2146 सिपॉय राघू शिंदे, 117 मराठाज’. यात क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशा चार गोष्टी आल्या. नवखा माणूस नावामागे धावतो. खरी किल्ली क्रमांक आणि पलटण या जोडीत आहे. त्या काळी प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र असत, त्यामुळे 2146 क्रमांकाचे शिपाई अनेक पलटणींत असणार, पण 117 मध्ये त्या वेळी तो एकच.

नाव इंग्रज कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. पवारचं पोवार, जाधवचं जाधाओ, लक्ष्मणचं लुक्सुमन. पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं ‘बाबाजी’ किंवा ‘रामा’. कंपनी सरकारच्या काळातल्या बॉम्बे आर्मीच्या नोंदींत नावाच्या शेवटी ‘नाक’ दिसलं तर तो शिपाई महार समाजातला असण्याची शक्यता फार मोठी. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर अशी नावं आजही वाचता येतात. म्हणून शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. ‘मराठा’ हा शब्दही तेव्हा इंग्रजीत मधे एक ‘एच’ घालून लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर अर्धे कागद दिसणारच नाहीत.

कड कोरी असेल, कानसीने घासल्यासारखी असेल किंवा एका जागी बारीक झाली असेल, तर जुनं नाव पुसलं गेलंय असं समजा. बाजारातून घेतलेल्या मेडलावर कुणी नवं नावही ठोकलेलं असतं. घरातल्या मेडलाला कडी डागून ते गळ्यात घातलेलं असेल तर त्या डागाखाली दोन-चार अक्षरं गेलेली असतात.

2. मेडल कोणतं ते ठरवा. निम्मी गोष्ट इथेच कळते

पहिल्या महायुद्धाची आपल्याकडे सापडणारी मेडलं मुख्यतः तीन. पहिलं ब्राँझचं ‘1914-15 स्टार’. दुसरं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’: एका बाजूला राजा पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा स्वार आणि 1914, 1918 ही सालं. तिसरं सोनेरी झाक असलेलं ब्राँझचं ‘व्हिक्टरी मेडल’, त्यावर पंखवाली देवता. त्याची फीत इंद्रधनुष्यी.

यातून काय निघतं? स्टार 31 डिसेंबर 1915 पर्यंत युद्धक्षेत्रात पोहोचलेल्यांनाच मिळाला. घरात तिन्ही मेडलं असतील तर पणजोबा त्या तारखेच्या आत तिकडे होते. नुसती चांदीचं आणि सोनेरी अशी जोडीच असेल, आणि स्टार हरवलेला नसेल, तर ते 1916 किंवा त्यानंतर गेले.

हा फरक मराठा पलटणींच्या बाबतीत फार कामाचा आहे. 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या आणि तिथल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. वेढा 7 डिसेंबर 1915 ला पडला आणि 29 एप्रिल 1916 ला फौजेने शरणागती पत्करली. म्हणजे 117 चा शिपाई आणि स्टार असेल तर कुतची शक्यता खरी धरून पुढचा तपास करायचा. 117 चा शिपाई पण स्टार मिळालाच नसेल, तर तो बहुधा कुतनंतर नव्याने उभ्या केलेल्या पलटणीतला. ‘आमचे पणजोबा कुतला तुर्कांच्या कैदेत होते’ ही आठवण खरी की गावातल्या दुसऱ्याच कुणाची, हे इथे बरंचसं उलगडतं. मात्र स्टार होता म्हणून तो वेढ्यात होताच असंही नाही. तो त्याआधीच जखमी होऊन मुंबईला परतलेला असू शकतो.

नुसता ‘1914’ लिहिलेला स्टार असेल तर तो 22 नोव्हेंबर 1914 पर्यंत फ्रान्स-बेल्जियममध्ये गेलेल्यांचा. मराठा पलटणी तेव्हा तिकडे नव्हत्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, कंपन्या मात्र होत्या, आणि 28 ऑक्टोबर 1914 ला फ्रान्समधल्या नव शापेलच्या हल्ल्यात त्यांची फार मोठी हानी झाली. म्हणजे असा स्टार दिसला की आधी खडकीकडे बघा.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं असेल तर तो माणूस बहुधा लेबर कोअरमधला, हमाल किंवा मजूर म्हणून गेलेला. अशी मेडलं कमी टिकली आणि घरच्यांनी ती कमी मिरवली. मला विचाराल तर शोधायला तीच जास्त मोलाची, कारण या माणसांबद्दल लिहिलेलं फार थोडं मिळतं.

इथले नेहमीचे सापळे:

‘व्हिक्टरी मेडल’ म्हणजे ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक नव्हे. घराघरात ही गल्लत आहे, आणि गावच्या कमानीवर नाव घालण्यापर्यंत ती जाते. व्हिक्टरी मेडल लाखोंना मिळालं. ही सगळी मोहिमेची मेडलं आहेत: तो तिथे होता एवढंच ती सांगतात, त्याने काय पराक्रम केला ते नाही. मेडलावरची सालं युद्धाची असतात, त्याच्या नोकरीची नाहीत. आणि स्टारवर ‘सिपॉय’ पण जोडीवर ‘नाईक’ असेल तर घाबरू नका, माणूस एकच, मधे बढती मिळाली.

3. घर आणि गाव पालथं घाला

या पायरीला जेवढा वेळ द्याल तेवढा कमी. कडेवर वडिलांचं नाव नसतं, गाव नसतं. ते दोन तुम्हीच आणायचे आहेत, आणि त्यांच्याशिवाय ‘रामा शिंदे’ नावाचे दहा जण तुमच्यासमोर उभे राहतात.

घरात सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक शोधा. त्यात क्रमांक, वडिलांचं नाव, गाव, तालुका, उंची, अंगावरची खूण, भरतीची आणि सुटकेची तारीख, मिळालेली मेडलं असं सगळं एका जागी असतं. ते नसेल तर पणजीच्या पेन्शनचा कागद बघा. फॅमिली पेन्शनवर नवऱ्याचा क्रमांक आणि पलटण लिहिलेली असते, आणि बायकांनी हे कागद पुरुषांपेक्षा जपून ठेवलेले असतात. सुनेच्या, लेकीच्या माहेरच्या ट्रंकाही विचारा.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण ‘ते कुठल्या पलटणीत होते?’ असं विचारू नका. ‘पलटणीला काय म्हणायचे?’ असं विचारा. कुणी ‘काळी पाचवी’ म्हणालं तर पलटण सापडली: ती 105 मराठा लाइट इन्फन्ट्री. ‘जंगी पलटण’ म्हणालं तर 103. आकडे विसरले जातात, टोपणनावं टिकतात.

गावात फिरताना संगमरवरी पाटी आहे का बघा. ‘या गावातून अमुक इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले’ अशा इंग्रजी पाट्या सरकारने युद्धानंतर अनेक गावांत बसवल्या. चावडीवर, शाळेच्या भिंतीत, कधी देवळाच्या ओवरीत चुन्याखाली दडलेल्या असतात. नावं बहुतेक वेळा नसतात, आकडे असतात. आकडा मोठा असेल तर गावात आणखी घरी मेडलं आहेत हे नक्की, आणि एकाच गावची पोरं बहुधा एकाच पलटणीत भरती होत. शेजारच्या घरातलं मेडल तुमच्या कोऱ्या कडेचं उत्तर देऊन जातं. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी तर अशा घरांसाठीच ओळखलं जातं.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. जुन्या नोंदी मोडीत आहेत, वाचणारा सोबत न्या. कुणबी नोंदींच्या शोधात अलीकडे अनेक जिल्ह्यांनी हे दप्तर स्कॅन करून जिल्ह्याच्या साइटवर टाकलंय. तुमचा हेतू वेगळा असला तरी कागद तोच, फुकट बघून घ्या. वारसनोंदीचे जुने फेरफारही काढा. शिपाई परदेशी मेला असेल तर त्याच्या नावची जमीन त्यानंतर भावाच्या किंवा मुलाच्या नावे चढलेली दिसते.

आणि हेळवी, म्हणजे घरोघर फिरून वंशावळी सांगणारे. दक्षिण महाराष्ट्रात अजून येतात. त्यांच्या वहीत तुमच्या घराच्या सात-आठ पिढ्या असतात. त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यांकडच्या नामावळ्याही तशाच कामाच्या: फौजेतून सुटून आलेला माणूस तीर्थाला गेला असेल तर तिथे त्याने आपलं गाव आणि वडिलांचं नाव लिहून ठेवलेलं असण्याची शक्यता असते.

4. जुन्या पलटणीची आजची पलटण शोधा

1922 मध्ये फौजेची फेररचना झाली आणि मराठ्यांच्या पलटणी पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री या एका रेजिमेंटखाली आल्या. जुळणी अशी (1/5 म्हणजे या पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन):

- 103 → 1/5
- 105 → 2/5
- 110 → 3/5
- 116 → 4/5
- 117 → 5/5
- 114 → 10/5, प्रशिक्षणाची बटालियन

यातली 3/5 पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी (मराठा) बटालियन झाली, म्हणून ती आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यादीत दिसली नाही तर गोंधळू नका. 111 महार्स ही पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट 1941 ची. मराठी माणसं पायोनियर पलटणींत, सॅपर्समध्ये, खेचरांच्या तुकड्यांत, बेअरर कोअरमध्येही होती, तेव्हा मेडलावर ‘मराठा’ नाही म्हणून निराश होऊ नका.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. पत्र लिहिताना क्रमांक, हुद्दा, मेडलावर आहे तसं नाव, घरी म्हणतात ते नाव, वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा, जुनी आणि नवी पलटण, तुमचं नातं, सगळं एका पानात मांडा आणि कडेचा फोटो जोडा. पेन्शनवर सुटलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाची माहिती मिळण्याची आशा बरी असते. पहिल्या महायुद्धात दोन-तीन वर्षं जाऊन आलेल्याची फार कमी, कारण जुने कागद मुदतीनंतर नष्ट होत गेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्र पुढे पाठवायला मदत करतं. तिथले निवृत्त सुभेदार कधी कधी कागदापेक्षा जास्त सांगून जातात.

5. तिकडेच राहिला असेल तर

शिपाई परत आला नसेल तर शोध उलट सोपा होतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर मेलेल्यांची फुकट यादी आहे. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट 1921 अखेरपर्यंतचे मृत्यू तिथे धरलेत, त्यामुळे युद्ध संपल्यावर साथीत गेलेलाही सापडू शकतो.

नाव टाकू नका. ‘सर्व्हिस नंबर’च्या रकान्यात क्रमांक टाका आणि ‘इंडियन आर्मी’ निवडा. तरी नाही मिळालं तर त्या पलटणीची सगळी यादी उतरवून घ्या आणि ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव, रत्नागिरी’ या रकान्यात आपलं गाव शोधा. गावाचं स्पेलिंगही कारकुनाचंच असतं, तेव्हा मोठ्याने वाचत जा. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानाला ओळखू येतं.

मेसोपोटेमियात गेलेल्यांची नोंद बहुधा बसरा मेमोरियलवर, जिथे 40 हजारांहून जास्त जणांचं स्मरण केलंय. तिथे दगडावर नाव बघायला मिळेल अशी आशा धरू नका: भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांची नुसती संख्या. नावं कमिशनच्या यादीत आहेत. ते स्मारकही 1997 मध्ये बसऱ्याबाहेर वाळवंटात हलवलं गेलं. फ्रान्समधल्यांसाठी नव शापेल मेमोरियल, आणि देशातच वारलेल्या अनेकांसाठी आपल्या खडकीचं मेमोरियल.

6. आता लंडन

नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या युद्धाची मेडल कार्डं ‘डब्ल्यूओ 372’ या मालिकेत आहेत. त्यात भारतीय पलटणींचीही आहेत, सगळ्यांची नाहीत. सापडलं तरी कार्डावर मेडलाच्या कडेपेक्षा फारसं जास्त नसतं. ‘1940 च्या बॉम्बहल्ल्यात नोंदी जळाल्या’ हे तुम्ही सगळीकडे वाचाल. जळाले ते गोऱ्या सोल्जरांचे कागद. आपल्या शिपायाशी त्या आगीचा संबंध नाही.

खरी गंमत ‘डब्ल्यूओ 95’ मध्ये आहे: पलटणींच्या युद्ध डायऱ्या. मेसोपोटेमियातल्या डायऱ्या स्कॅन झाल्यात, उतरवून घेता येतात. पणजोबांचं नाव मिळणार नाही हे आधीच मनाशी धरा. नावं साहेबांची, शिपाई नुसते ‘आयओआर’, म्हणजे इंडियन अदर रँक्स: ‘आयओआर दोन ठार, सात जखमी’. पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती, पाऊस होता का, पाणी कुठून आणलं, हे रोजच्या रोज आहे. घरच्या आठवणीतली जखमेची तारीख आणि डायरीतला जखमींचा आकडा जुळला तर त्या आठवणीला चांगला आधार मिळतो, पक्का पुरावा मात्र नाही.

ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. जुन्या मोहिमांच्या मेडल याद्या तिथे ‘एल/एमआयएल/5’ मालिकेत. पणजोबा जमादार किंवा सुभेदार असतील तर छापील ‘इंडियन आर्मी लिस्ट’ बघा, त्यात भारतीय अधिकाऱ्यांची नावं असतात. ‘लंडन गॅझेट’ फक्त शौर्यपदकांसाठी: तिथे मोहिमेचं मेडल शोधत बसू नका. पंजाबच्या शिपायांची गाववार रजिस्टरं नेटवर आलीत, ती बघून हुरळून जाऊ नका. महाराष्ट्र त्यात नाही.

पैसे घेऊन शोधून देणारे आहेत. त्यांना पहिल्या तीन पायऱ्यांआधी गाठलंत तर ते कार्डाची प्रत काढून देतील आणि बिल पाठवतील.

7. आधीची आणि नंतरची मेडलं

दुसऱ्या अफगाण युद्धाचं मेडल (1878-80) असेल आणि त्यावर एकही पट्टी (फितीवर लावलेली, लढाईचं नाव असलेली) नसेल तर ते साधं समजू नका. 27 जुलै 1880 च्या मैवंदच्या पराभवासाठी पट्टीच दिली गेली नाही. तिथे बॉम्बे आर्मीच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स होत्या. इंडिया जनरल सर्व्हिस मेडलावरची ‘पर्शिया’ पट्टी 1856-57 ची. 1803 ते 1826 च्या लढायांचं आर्मी ऑफ इंडिया मेडल 1851 मध्ये, तोवर हयात असलेल्यांनाच दिलं गेलं. असई, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव अशा त्याच्या पट्ट्या आहेत. असं काही घरात निघालं तर आधी जाणकाराला दाखवा, कारण त्याच्या नकला आहेत.

दुसऱ्या महायुद्धाची मेडलं गोऱ्यांना कोरी मिळाली, भारतीय शिपायांच्या मेडलांवर मात्र बहुधा क्रमांक आणि नाव ठोकलेलं असतं. इटली स्टार आणि 3/5 असेल तर ती यशवंत घाडगे यांची पलटण, ज्यांना 10 जुलै 1944 च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बर्मा स्टार आणि 4/5 असेल तर मार्च 1944 च्या मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईपासून सुरुवात करा. आफ्रिका स्टार आणि 2/5 असेल तर जून 1942 मध्ये लिबियातल्या टोब्रुकला पकडले गेलेल्यांत नाव आहे का ते तपासा.

मुंबईच्या चोरबाजारातून नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या मेडलावर इंग्रजी नाव असेल तर हा सगळा क्रम सोडा आणि थेट ‘डब्ल्यूओ 372’ वर जा. त्याच्यासाठी इंग्रजी मार्गदर्शक पुरेसे आहेत.

8. जपणूक आणि विक्री

प्रत्येक मेडल वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत नको. मूळ फीत जीर्ण असली तरी फेकू नका. कडेचा मजकूर, वडिलांचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी त्याच पाकिटात घाला. भावाभावांत मेडलं वाटली गेली असतील तर सगळ्यांचे फोटो एकत्र करा, स्टार एकाकडे आणि जोडी दुसऱ्याकडे असणं नेहमीचं आहे.

चांदीच्या भावाने मोडीत घालू नका, सोनार फक्त वजन बघतो. परदेशातल्या लिलावात पाठवायचा मोह झाला तर 1972 चा पुरावशेष कायदा आधी वाचा. शंभर वर्षांवरच्या वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याशिवाय कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयाला पोहोचली आहेत.